नवव्या झाडाचा हिवाळा

नवव्या झाडाच्या कांडीत २०१६ सालचे वलय होते. इत्तोने तिसऱ्यांदा पाहिले, भिंग बदलून पाहिले, दिव्याचा कोन बदलला, तरीही होते.

कांडी पेन्सिलीहून बारीक. देवदाराच्या खोडात पोकळ गिरमिट फिरवून काढलेली, लाकडी पट्टीवर डिंकाने चिकटवलेली, घासून काचेसारखी गुळगुळीत केलेली. सालीकडून आत मोजत गेले की २०२३, २०२२, २०२१ अशी वर्षे मागे जात. २०१६च्या जागी पेशींच्या दोन ओळी होत्या. फक्त दोन. पण लाकूड ते लाकूडच.

बाकीच्या अकरा झाडांत ते वलय नव्हते. त्या वर्षी डोंगरावर पाऊस नव्हता आणि अकरा झाडांनी लाकूड धरलेच नव्हते. असे वर्ष तक्त्यात गाळायचे नसते. त्याच्यापुढे रुंदी म्हणून शून्य लिहायचे असते. काल संध्याकाळपर्यंत इत्तोने अकरा शून्ये लिहिली होती आणि दर शून्याला तिच्या छातीवरचे ओझे थोडे हलके झाले होते.

कारण त्या शून्यांवर तिच्या गावाचे कुरण टांगलेले होते.

आयत इगिल ही तिची वस्ती. मधल्या ॲटलासच्या उतारावर चाळीस चुली, आणि वर देवदारांचे रान. गेली काही वर्षे ते देवदार शेंड्यापासून वाळत होते. वनखात्याचे म्हणणे, धनगरांच्या कुऱ्हाडीने वाळतात. बर्फाच्या दिवसांत मेंढ्यांना घालायला काही उरले नाही की देवदाराच्या फांद्या छाटायच्या, ही चाल सगळ्याच डोंगरावर होती. पण २००३च्या शरदात आयत इगिलच्या जमातीने बसून ठरवले होते की ह्यापुढे वरच्या उतारावर कुऱ्हाड बंद. खात्याचे अभियंता स्कल्ली साहेब ह्या उन्हाळ्यात आले, एका पडलेल्या झाडावर जुन्या घावापासून सालीपर्यंतची वलये त्यांनी स्वतः बोटाने मोजली, आणि म्हणाले, "वीस. म्हणजे घाव २००३-०४च्या हिवाळ्यातला. तुमच्या बंदीनंतरचा. तुम्ही तुमचाच शब्द पाळला नाही, माझा काय पाळणार?" कुंपण घालायचे ठरले, तीस वर्षांसाठी. सिमेंटचे खांब वस्तीच्या कडेला येऊनही पडले.

तेव्हा जमात म्हणाली, आम्ही शपथ घेतो. दहा पुरुष, सिदी बूतगराच्या दर्ग्यात, दाराच्या दगडावर हात ठेवून. स्कल्ली साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "शपथ तुमची, कागद माझा. प्रयोगशाळेतला. दोन्ही जुळले तर खांब परत नेतो."

शपथ आज होती. शुक्रवारी, असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाआधी.

इत्तोची अकरा झाडे शपथेशी जुळत होती. हरवलेले वर्ष परत घातले की घाव एक पाऊल मागे सरकत होता, २००२-०३च्या हिवाळ्यात, बंदीच्या आधी. स्कल्लींची बोटे चुकली नव्हती; झाडाने एक वर्ष लिहिलेच नव्हते, एवढेच. पण नवव्या झाडाने ते लिहिले होते. घावाच्या जागी राळेची तपकिरी रेघ होती, तिच्यापुढे वीस वलये होती, आणि वीसच्या वीस खरी होती. नवव्या झाडावर कुऱ्हाड बंदीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात पडली होती.

"अजून तीच कांडी?" झहूर दारातून म्हणाली. कांड्या घासण्याचे काम तिचे. हातावर कायम लाकडाचा भुसा. "अगं, शुक्रवार आहे. कुसकुस गार होतोय. एक शून्य टाक आणि ऊठ."

"वलय आहे त्यात."

"किती?"

"पेशींच्या दोन ओळी."

"दोन ओळी!" झहूरने हात उडवले. "आण इकडे, अजून चार हात मारते घासकागदाचे. साफ."

"घासून वलय जात नाही. खाली तेच असतं."

"माहितीये मला. चेष्टा केली." झहूर तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मग चेष्टेचा सूर सोडून म्हणाली, "इत्तो, तपासणार कोण? स्कल्ली साहेबांना सूक्ष्मदर्शकाचं कुठलं टोक डोळ्याला लावायचं ते तरी कळतं का? अकरा झाडांत नाही, बाराव्यात कशाला असेल? कुणीही म्हणेल, ह्यातही नाही."

हे इत्तोला सकाळी नऊपासून ठाऊक होते. तक्त्यात ती चौकट रिकामी होती. तिथे शून्य लिहिले की बारा झाडे एका सुरात बोलली असती. मागची सगळी वलये एक एक वर्ष मागे गेली असती, १९९५चे अवर्षण १९९४वर जाऊन बसले असते, ज्या वर्षी त्या मानाने बरा पाऊस झाला होता. हे ज्याला दिसावे असा माणूस ह्या इमारतीत एकच होता, आणि तो म्हणजे ती स्वतः.

तिने मोजपट्टीचा दांडा फिरवला. केसाएवढी रेघ वलयाच्या एका कडेवर आणली, मग दुसऱ्या कडेवर. यंत्रावर आकडा उमटला. ०.०६. मिलिमीटरचा सोळावा भाग.

"मग?" झहूर म्हणाली.

इत्तोने चौकटीत ०.०६ लिहिले. तिने पान छापायला दिले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. पाऊण वाजला होता. असर साडेचारला. अझ्रूच्या ह्या प्रयोगशाळेतून वस्तीपर्यंत दोन तास, रस्ता बरा असेल तर.

"आता कुठे?"

"माझे चुलते दा हद्दू शपथ घेणार आहेत, झहूर. आपल्या चुलीवरच्या कुणी कुऱ्हाड लावली नाही म्हणून. दहा जण. माझा भाऊ आहे त्यात." ती पान पिशवीत घालत होती. "शपथेच्या आधी कबूल केलं तर एक मेंढा दंड, सगळ्यांनी मिळून खायचा, संपलं. शपथ झाल्यावर माझा कागद उघडला तर दहाच्या दहा खोटारडे. कुरण तर जाईलच, पण नंतर बाजारात त्यांची साक्ष कुणी धरणार नाही. त्यांच्या मुलांचीही नाही."

"फोन कर ना!"

"इगिलला फोन लागतो का कधी?"

झहूरने टेबलावरची कांडी पट्टीसकट उचलली, कापडात गुंडाळली आणि तिच्या हातात दिली. "ही ने. नुसत्या कागदावर तुझे लोक विश्वास ठेवणार नाहीत. आणि भाकरी घे. गाडीत खा."

भाकरी शेजारच्या आसनावर तशीच राहिली. रस्त्याच्या कडेला माकडे बसली होती, मधवाल्यांच्या बाटल्या उन्हात चमकत होत्या. वळण संपले की देवदार दिसत. खालून हिरवे, वर राखाडी काटक्या. इत्तो ती झाडे पाहत नव्हती. कोणी केले असेल, एवढेच तिच्या डोक्यात होते. वडील? त्या हिवाळ्यात ते मक्नासच्या इस्पितळात होते, छातीवर उपचार घेत, वसंतात परतले. ती स्वतः अझ्रूला वसतिगृहात. भाऊ बासू तेव्हा बारा वर्षांचा. दा हद्दू, वडिलांचे थोरले भाऊ? त्यांची मेंढरे तेव्हा सगळ्यात जास्त. बंदीचा ठराव त्यांनीच मांडला होता. आणि आज दगडावर पहिला हात त्यांचाच पडणार होता.

तिमहदीतच्या पुढे रस्ता खोदलेला होता. एका बाजूने वाहतूक, मध्ये झेंडीवाला. पंधरा मिनिटे. मग मेंढरांचा एक कळप, सगळा रस्ता भरून. तिने हॉर्न वाजवला तसा धनगर म्हणाला, "मेंढरांना कसली घाई नाही, बाई. तुम्हाला असेल तर वरून उडून जा."

वस्तीत पोचली तेव्हा सव्वातीन झाले होते. कडेला खांबांची चळत, करडी, नवी कोरी. पुरुष कोणी दिसेना. घराच्या भिंतीवर बासूचा पांढरा बुर्नूस, शपथेला घालायचा टोपीवाला झगा, वाळत होता आणि त्यातून पाणी ठिबकत होते.

शुक्रवारी, शपथेच्या दिवशी, कोणी बुर्नूस धूत नाही. इत्तोला ते पाहूनही कळले नाही. ती आत गेली.

आई तूदा चुलीपाशी बसली होती. कुसकुसची परात पुढ्यात, झाकलेली. खाल्ले कोणीच नव्हते.

"इम्मा, बासू कुठे?"

"गेला. शेजारच्या अलीचा बुर्नूस घालून गेला. आखूड होतो त्याला, बगळ्यासारखा दिसतो." आईने तिच्याकडे नीट पाहिले. "तुझं काय झालं? चेहरा बघ."

"शपथ झाली का?"

"नाही. साहेबांची गाडी आत्ता वर गेली. हातपाय धुऊन, वजू करून मग उभे राहतील."

इत्तो खाली बसली. चुलते आत्ता दर्ग्यात. वेळ होता, पण थोडा. "इम्मा, मला खरं सांग. तू इथेच होतीस त्या हिवाळ्यात. बंदीनंतरच्या पहिल्या. वरच्या उतारावर कुऱ्हाड कुणी लावली? दा हद्दूंनी?"

"हद्दूनं?" तूदाच्या तोंडून एक कोरडे हसू निघाले. "हद्दूला त्या वर्षी संधिवात. शेकोटीपासून हलला नाही. बायकोला हाका मारून मारून घसा बसला त्याचा."

"मग कोण? एक झाड आहे, इम्मा. एकच. बाकी अकरा स्वच्छ आहेत. झऱ्याच्या वरचं, कातळाला टेकलेलं..."

बोलता बोलता ती थांबली. झऱ्याच्या वरचे. म्हणूनच ते झाड अवर्षणातही दोन ओळी लाकूड धरू शकले होते, त्याच्या मुळांना पाणी होते. हे तिने सकाळीच टिपून ठेवले होते. पण झऱ्याची वाट कोणाची, हे टिपले नव्हते. त्या वाटेने पुरुष कधी जात नाहीत. हंडे घेऊन बायका जातात.

बाहेर बुर्नूसमधून पाणी ठिबकत होते.

"तू धुतलास तो," इत्तो म्हणाली. "त्याने जाऊ नये म्हणून."

तूदाने परातीवरचे झाकण उचलले, पुन्हा ठेवले. "आधी म्हटलं, पोट दुखतंय असं सांग. हसला. मग भिजवला. तर अलीचा मागून आणला, गाढवानं."

"इम्मा."

"तुझा बाप इस्पितळात. पंचवीस मेंढ्या, सगळ्या गाभण. अकरा दिवस बर्फ पडत होतं, इत्तो. अकरा. पेंढा सातव्या दिवशी संपला. बासूला घरात कोंडलं आणि कुऱ्हाड घेऊन झऱ्यावर गेले, कारण तेवढीच वाट मी पायाने उकरून ठेवली होती. चढले. ह्या हातांनी छाटल्या. तीन दिवस." तिने हात पुढे केले, जणू त्यांच्यावर अजून राळ असावी. "एक मेंढी मेली. बाकी जगल्या. मेंढ्या होत्या म्हणून तुझी शाळा सुटली नाही."

"आणि कुणाला बोलली नाहीस?"

"मला विचारलं कुणी? जमात बसली तेव्हा बायकांना बोलावलं होतं का? परवा हद्दू घरोघर फिरला. 'तू लावलीस का रे कुऱ्हाड, तू लावलीस का?' सगळ्या पुरुषांना. मी इथेच चहा ओतत होते. माझ्याकडून ग्लास घेतला, साखर कमी आहे म्हणाला, आणि गेला."

"मग आपणहून सांगायचं!"

"सांगायचं म्हणून उठले की पाय भुईला चिकटायचे." तिचा आवाज खाली गेला. "म्हटलं, लाकूड काय बोलणार आहे. मग ऐकलं, तू गिरमिट घेऊन आलीस."

इत्तोने पिशवीतून पान काढले, नवव्या झाडाची ओळ दाखवली. तूदाला वाचता येत नव्हते. तरी ती त्या ओळीवर बोट ठेवून बघत राहिली.

"लिहिलंस?"

"लिहिलं. तेव्हा ठाऊक नव्हतं, कोण ते."

"ठाऊक असतं तर?"

तूदाने उत्तराची वाट पाहिली नाही. ती गुडघ्यांवर हात टेकून उठली, खुंटीवरची लोकरी ओढणी खांद्यावर घेतली. "चल. गाडी आहे ना तुझी? मग बसलीस काय?"

दर्ग्यापर्यंत गाडी जात नाही. शेवटचा चढ पायी. तूदा पासष्ट वर्षांची, पण इत्तोलाच धाप लागली. वरून पुरुषांचा एकसुरी आवाज येत होता, कुराणातला फातिहा चालला होता. तो संपला की पहिला हात. आवारभिंतीपाशी पोचल्या तेव्हा आवाज थांबला.

दहा पुरुष दाराकडे तोंड करून एका ओळीत उभे होते, अनवाणी. सगळ्यात पुढे दा हद्दू. चौथा बासू, आखूड बुर्नूसमध्ये, पोटऱ्या उघड्या. बाजूला स्कल्ली साहेब, हातात बूट धरून. हद्दूचा उजवा हात वर गेला.

शपथेच्या दिवशी बायका त्या भिंतीच्या आत येत नाहीत. तूदा भिंतीशी थांबली. इत्तोला क्षणभर वाटले, ही आता परत फिरेल.

"हद्दू!" तूदा ओरडली. "हात खाली घे!"

सगळ्यांनी वळून पाहिले. हद्दूचा हात दगडापासून वीतभर अंतरावर तसाच राहिला.

"डोकं फिरलं का हिचं?" तो म्हणाला. "बासू, आईला घरी ने."

"घरी नंतर नेईल. आधी ऐक. झऱ्यावरचा देवदार मी छाटला. बंदीनंतर. बर्फाच्या दिवसांत. एकटीनं. तुझ्या भावालाही ठाऊक नव्हतं, मरेपर्यंत."

बासूचे तोंड उघडेच राहिले.

"तू?" हद्दू म्हणाला. "झाडावर चढलीस?"

"नाही, झाड खाली उतरलं माझ्यासाठी!"

ओळीतला कोणीतरी फसकन हसला आणि लगेच खोकला. हद्दूचा चेहरा लाल झाला होता. त्याने हात खाली घेतला, पण तो भिंतीपर्यंत चालत आला आणि अगदी हळू, दात आवळून बोलला, "वीस वर्षं, तूदा. आज बोलतेस? साहेबांसमोर? मी त्या दगडावर काय म्हणणार होतो, माहितीये? 'आमच्या चुलीवरच्या कुणी नाही.' कुणी नाही! माझ्या नातवंडांवर गेलं असतं ते."

"म्हणूनच आले. आणि वीस वर्षांत एकदा विचारलं असतंस तर वीस वर्षं लागली नसती."

हद्दू इत्तोकडे वळला. "तुझ्या कागदात हे आहे?"

"आहे, दा हद्दू. नववं झाड."

स्कल्ली साहेब बूट खाली ठेवून पुढे आले होते. "बघू."

तिने पान दिले. त्यांनी भुवया आवळून ओळी वाचल्या. "अकरा ठिकाणी शून्य, इथे मात्र शून्य नाही. हे ०.०६ काय?"

इत्तोने कापड सोडले आणि कांडी उन्हात धरली. खिशातले भिंग त्यांच्या हातात दिले, टाचणीच्या टोकाने जागा दाखवली. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. दहा माणसे अनवाणी, गार फरशीवर, त्यांच्या पाठीकडे बघत होती.

"दिसतंय," ते शेवटी म्हणाले. "पुसट. मी ह्याला वलय म्हटलंच नसतं." ते सरळ झाले. "हे शून्य केलं असतं तर बारा झाडं एकसारखी आली असती."

"हो."

"आणि मी खांब परत नेले असते."

"हो, साहेब."

"मग?"

"मग ते खरं नसतं." तिला आणखी काही सुचेना, म्हणून तिने पुढचे पान काढले. "हे न छाटलेल्या तीस झाडांचं. ज्यांना कधी कुऱ्हाड लागली नाही ती. १९८१पासून ह्यांचीही वलयं बारीक होत गेलीत, छाटलेल्यांच्याच चालीनं. शेंडे त्यांचेही वाळतायत. कुऱ्हाडीनं झाडाचं चार-पाच वर्षं नुकसान होतं, ते दिसतं मोजणीत. पण चाळीस वर्षं सलग वाढ घटते ती पाण्याविना. कुंपणाच्या आत पाऊस जास्त पडणार नाही."

स्कल्लींनी दोन्ही पाने घडी करून आतल्या खिशात ठेवली. तेवढ्यात खालच्या मशिदीतून अजान सुरू झाली.

अजान संपताच हद्दू परत दारापाशी गेला. हात दगडावर ठेवला. शब्द त्याने बदलले होते, मोठ्याने, एक एक करून म्हणाला, "झऱ्यावरचं एक झाड, एक हिवाळा, तूदाचा हात. त्याशिवाय आमच्या चुलीवरच्या कुणी नाही." मागून दुसरा. तिसरा. चौथा हात बासूचा. त्याने न अडखळता म्हटले. दहाही जणांचे झाले.

नमाजानंतर स्कल्ली साहेब बूट घालत म्हणाले, "सही माझी एकट्याची नसते. रबातला पाठवीन. वसंतापर्यंत उत्तर येईल, काय येईल ते मी सांगू शकत नाही." मग बंद बांधता बांधता, वर न बघता, "खांब मात्र उद्या नेतो. शंभर नेतो, वीस ठेवतो. झऱ्याभोवती घाला. तेवढ्या जागेला कुंपण हवंच, मेंढरं मुळं उघडी करतात तिथे. फाटक ठेवा, पाण्याची वाट आहे."

"फाटकाची किल्ली कुणाकडे?" हद्दूने विचारले.

"झाड कुणी छाटलं?" स्कल्ली म्हणाले. "तिच्याकडेच द्या. राखेल."

हद्दूला ते आवडले नाही. "आणि मेंढा," तो तूदाला म्हणाला. "दंडाचा. आज नाही, पुढच्या शुक्रवारी. मेंढा, बरं का. तुझ्याकडची ती म्हातारी लंगडी मेंढी नाही."

"लंगडी तुझ्याकडूनच आली होती," तूदा म्हणाली. "बासूच्या लग्नात."

पुरुष चहाला खाली गेले. बासू आईकडे बघेना. शेवटी जाता जाता त्याने तिच्या डोक्याचे चुंबन घेतले आणि उतरून गेला. दोघी भिंतीवर बसल्या. इत्तो कांडी कापडात गुंडाळू लागली तशी तूदाने तिचा हात धरला.

"माझा तो हिवाळा कुठला? दाखव."

इत्तोने भिंग तिच्या डोळ्यांसमोर धरले, टाचणी राळेच्या रेघेवर टेकवली. तूदा एक डोळा मिटून बघत राहिली. वाऱ्याने ओढणी तोंडावर येत होती, ती बाजूला करून पुन्हा बघितले.

"ही? ही तपकिरी?"

"हो."

"एवढीच?"

"एवढीच."

"बर्फ कमरेएवढं होतं," तूदा म्हणाली, आणि भिंग परत दिले.